साडेसातच्या बातम्यांआधी

(सर्बियातलं एक छोटं गाव. शुक्रवारची दुपार, विदोसावाचं स्वयंपाकघर. तिचा नवरा ब्लागोये जाऊन उद्या चाळीस दिवस होतील. जाद्रांका गावच्या टीव्ही केंद्रात जाहिरातींचं काम बघते.)

विदोसावा : पाववालीलाही पत्ता नाही! मला विचारते, "विदा, ब्लागोयेचं चाळिसावं कधी गं?" म्हटलं, उद्या आहे बाई, उद्या! तोंडावर हात ठेवून बघतच राहिली.

जाद्रांका : तिचं दुकान उघडं असतं ना मावशी संध्याकाळी. राहिलं असेल टीव्हीवर बघायचं.

विदोसावा : आणि औषधवाला? आणि शेजारचा द्रागोल्युब? त्याच्या घरी तर दिवसभर टीव्ही बडबडत असतो. खरं सांग, लावलीत ना सूचना?

जाद्रांका : लावली हो. तीन दिवस, रोज साडेसातच्या बातम्यांआधी. फोटो, नाव, उद्या अकराला कबरीपाशी प्रार्थना, नंतर घरी जेवण. मी स्वतः बसवली. फोटोतल्या टायवरचा डागसुद्धा काढला.

विदोसावा : कशाला काढलास? त्या डागावरून तर ओळखलं असतं लोकांनी त्याला!

जाद्रांका : खांबांवर चाळिसाव्याचे कागद नाही लावलेत कुठे, सगळे लावतात तसे?

विदोसावा : चाळीस वर्षं ज्यानं गावाचे टीव्ही दुरुस्त केले, त्याला मी खांबाला चिकटवू? तोच म्हणायचा, कागद पावसानं गळतो, टीव्ही घराघरात जातो. आठवतंय ना? साडेसातला सूचना लागल्या की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आधी गेलेल्यांची नावं, मग बातम्या.

जाद्रांका : आठवतंय.

विदोसावा : ऐंशी माणसांची सारमा गुंडाळलीय मी, कोबीच्या पानांत खिमा भरून. कबरीपाशी वाटायचा हा गहू शिजवलाय, त्यात घालायला अक्रोड कुटलेत. पातेल्याकडे बघवत नाही. अकरा वाजता मी, सून आणि पाद्री, एवढेच उभे राहिलो तर? गाव म्हणेल, माणूसच तसला होता वाटतं.

जाद्रांका : असं नका हो बोलू.

विदोसावा : मग तू बोल. तुझं तोंड का उतरलंय?

जाद्रांका : मावशी, टीव्हीखालचा तो डबा आहे ना...

विदोसावा : सुनेनं बसवलाय. मी हात लावत नाही त्याला.

जाद्रांका : त्यात आठवडाभराचं सगळं साठून राहतं. मग साडेसातला कोण बसतंय? लोक जेवतात, भांडी घासतात, मग सवडीनं बातम्या लावतात. आणि जाहिराती आल्या की बटण दाबून पुढे पळवतात.

विदोसावा : ब्लागोयेला पळवलं?

जाद्रांका : काका साबणाच्या नि गाद्यांच्या मध्ये आहेत. बघून कुणी पळवत नाही हो, अंगठा आपोआप दाबला जातो.

विदोसावा : तुला कधीपासून ठाऊक हे?

जाद्रांका : ईस्टरच्या आधीपासून. केबलवाल्यांनी आकडे पाठवले होते. शंभर घरांतली नऊ घरं वेळेवर बातम्या बघतात.

विदोसावा : नऊ! आणि तरी माझ्याकडून सूचना घेतलीस? माझ्याकडून?

जाद्रांका : घेतली. गादीवाला या महिन्यानंतर जाहिरात बंद करतोय, त्याला मोबाइलवरच गिऱ्हाईक मिळतं. केंद्र चाललंय ते या सूचनांच्या पैशांवर. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर पुढच्यालाही सांगावं लागलं असतं, आणि मग आम्ही दिवे मालवून घरी. भ्याले मी, मावशी. रोज भीत भीतच जाते कामाला.

विदोसावा : एक विचारू? तू बघितलीस सूचना?

जाद्रांका : मीच तर बनवली.

विदोसावा : तसं नाही. घरी. कोचावर बसून.

जाद्रांका : ...परवा जेवण झाल्यावर बातम्या लावल्या. जाहिराती आल्या, दाबलं बटण. काकांचा फोटो सर्रकन गेला तेव्हा कळलं काय पळवलं ते. मागे नेऊन पूर्ण बघितला मी. पण आधी पळवला.

विदोसावा : ...हं. निदान ते तरी खरं बोललीस. ऊठ, कोट घाल.

जाद्रांका : कुठे निघालात?

विदोसावा : दारोदार.

जाद्रांका : अहो, चाळिसाव्याला बोलावणं करतात का कुणी? आपल्यात नुसतं कळवायचं असतं. नावं ठेवतील लोक.

विदोसावा : बोलावतंय कोण? "उद्या अकराला आहे" म्हणायचं आणि पुढचं दार गाठायचं. टीव्ही तेच करायचा ना? आज आपण दोघी टीव्ही.

जाद्रांका : सगळं गाव? संध्याकाळपर्यंत?

विदोसावा : जेवढं होईल तेवढं. मला घर न् घर माहीत आहे. कुणाची पिक्चर ट्यूब गेली, कुणाच्या टीव्हीत उंदीर निघाला, सगळं ब्लागोये जेवताना ऐकवायचा. चल, द्रागोल्युबपासून सुरुवात. फुटबॉलचा अंतिम सामना होता, याचा टीव्ही बंद पडला, तर ब्लागोये ताटावरून उठून धावला होता.

जाद्रांका : तो आत्ता मालिका बघत असेल. घंटा वाजवली की खेकसतो.

विदोसावा : त्या डब्यात मालिका थांबवताही येते म्हणे?

जाद्रांका : येते ना.

विदोसावा : मग थांबवू दे दोन मिनिटं.