नोबडी केअर्ड

…आणि वर स्क्रीनवर लिहून काय येतं, तर 'नोबडी केअर्ड'! कुणालाही पडलेली नाही! अहो, मस्करी नाही करत, लिनक्समध्ये, म्हणजे आमच्या सर्व्हरच्या सिस्टिममध्ये, खरंच असं छापून येतं. तुम्हाला सांगतो, कोलशेतच्या ऑफिसात अकरा दिवस मी एकटा, बाकी सगळे वर्क फ्रॉम होम, आणि समोर हे वाक्य!

झालेलं काय, आमचा सर्व्हर अधूनमधून मरायचा. मरू दे… पण तो मेला की एक छोटा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा राखीव गाभा, उठतो, त्याला काम एकच, मेलेल्याची सगळी मेमरी डिस्कवर उतरवायची, म्हणजे कशाने मेला ते आपल्याला कळतं. पंचनामाच म्हणा ना! तर हा बिचारा उठतो न उठतो तोच नेटवर्क कार्ड बोंबलायला लागतं, "पॅकेट आलंय, घ्या! पॅकेट आलंय, घ्या!" त्याला कुठे माहीत मालक गेलाय? नवा म्हणतो, "तू कोण रे?" याचं आपलं चालूच, लाखभर वेळा! शेवटी नवा वैतागतो, 'नोबडी केअर्ड' लिहितो आणि ती लाइनच बंद करून टाकतो. आणि डिस्क कुठे? त्याच लाइनीवर! म्हणजे डिस्कचंही ऐकू येईना, पंचनामा कोराच!

मॅनेजर जागृतीला फोनवर सांगायला गेलेलो. "प्रशांत, हे ना, टिकिटात टाक." टाकलं. कुणी उघडली ती तक्रार? कुणालाही पडलेली नाही!

बाराव्या दिवशी दुपारी डबा खाताना सुचलं. अरे, नव्याने कान उघडायच्या आधीच एकेका कार्डाकडे जायचं आणि त्याची घंटी बंद करायची! ज्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, येईल तो आपापली चालू करेल. कोडच्या एकोणीस ओळी फक्त! सर्व्हर मुद्दाम पाडला, आणि उतरली हो मेमरी, पूर्ण! मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने टाळ्या वाजवून बघितल्यात कधी? थांबायचं कुठे तेच कळत नाही.

मुलाला फोन लावला, सम्यकला, पुण्यात असतो. "पप्पा, मीटिंगमध्ये आहे, व्हॉइस नोट टाका ना." टाकली. सहा मिनिटांची. चार सेकंदांत अंगठा आला! पोटचा पोरगा म्हणून सोडून देतो, नाहीतर म्हटलं असतं… कुणालाही पडलेली नाही!

तेवढ्यात फोन वाजला. "नमस्कार सर, मी प्रियांका बोलतेय, कल्याणला आमचा नवीन प्रोजेक्ट… दोन मिनिटं आहेत का?" म्हटलं, बाई, दोन तास आहेत, पण आधी माझं ऐका! आणि सांगत सुटलो, सर्व्हर मेला, कार्ड बोंबललं… ती म्हणाली, "मग?"

मग! तुम्हाला सांगतो, बायको गेल्यापासून, दोन वर्षांत, मला कुणी 'मग?' म्हटलं नव्हतं. दीप्तीला तरी कर्नल कुठे कळायचा? पण भाजी निवडता निवडता म्हणायची, "मग?" …आणि फोनमधून, "सर? आवाज येतोय का?" येतोय, म्हटलं. येतोय.

शेवटपर्यंत ऐकलं हो पोरीने! "भारीच की सर," म्हणाली. आता एवढं झाल्यावर तिला नाही कसं म्हणणार? ठाकुर्लीत घर आहे माझं, चांगलं आहे, त्यातली एक खोली तर उघडतही नाही मी… तरी रविवारी चाललोय साइट बघायला. थ्री बीएचके!