तिसऱ्या वायरीचा धडा

हसू नका, पण आमच्या गावच्या दूध सोसायटीतल्या मशीनला एकदा ताप आलता, अन् तो मीच आणलता. दुष्काळाचं साल, दूध आधीच आटलेलं. थंड टाकीचं तापमान मोजणारा नवा सेन्सर मी बसवला. त्याला दोन लाल अन् एक पांढरी, अशा तीन वायरी. दोन लाल कशाला, म्हणून मी एक कापूनच टाकली.

सकाळी डिस्प्लेवर सात! टँकरवाला म्हणला, "चारच्या वर असलं की मी दूध घेत न्हाई."

मी सेन्सरवाल्याला फोन लावला. तो ओरडला, "अहो, सेन्सर विजेच्या रोधावरून तापमान काढतो, अन् लांब वायरीचा रोध पण त्यात मोजला जातो. तो वजा करायला तिसरी वायर असते!"

माझ्या डोक्यात काही शिरंना. दूध घालायला आलेली सुभद्रामावशी शेजारीच हुबी होती. ती म्हणली, "म्हंजी रिकाम्या कॅनचा धडा न करताच, कॅनच्या वजनासकट दूध तोललं म्हण की!"

मी कापलेली वायर परत जोडली. डिस्प्लेवर चार आले अन् टँकर भरला.

मावशी माझ्याकडं बघत म्हणली, "चला, झाला एकदाचा धडा."

कुणाचा, ते मी इचारलं न्हाई.