झाकणांवरचं इंग्रजी

— न्हाई नर्मदाकाकू, चूक माझीच. तुमच्या गव्हाचं पीठ भागूबाईनं नेलं, अन् तिच्या ज्वारीचं तुमच्याकडं आलं. बसा ना त्या स्टुलावर, सांगते. गिरणीत येणाऱ्या डब्यांच्या झाकणांवर नावं असतात, व्हय ना? त्या नावांखाली मी खडूनं इंग्रजी लिहून राहिले होते — अर्धं वाक्य तुमच्या झाकणावर, अर्धं भागूबाईच्या. मग झाकणं काढून जोड्या लावल्या, अन् परत बसवताना तुमचं गेलं तिच्या डब्यावर!

अर्धं काहून? आता बघा — 'व्हेन द लाइट केम', लाइट आली तेव्हा... एवढंच बोलून मी गप्प बसले तर? 'मग?' म्हणालातच ना! ते झालं डिपेंडंट क्लॉज. एकट्यानं उभं राहत न्हाई ते. अन् 'आय ग्राउंड द व्हीट', मी गहू दळले — झालं, ऐकणारा उठून घरी जातो. गाइडात याची चार पानं आहेत, एक अक्षर डोक्यात शिरेना, झाकणांवर शिरलं. आता उद्याच्या पेपरात —

बघा, बोलून गेले. व्हय, पेपर. बारावीचा. बाकी विषय निघाले, इंग्रजी दोनदा राहिलं. मागच्या खेपेला आमच्या यांनी कनेरगाव नाक्यावरच्या एकूण एक ढाब्यावर सांगून ठेवलं — आमच्या मंडळी यंदा बारावीला! निकालानंतर महिनाभर मी रस्त्याकडं पाहिलं न्हाई. म्हणून यंदा यांनाही पत्ता लागू दिला न्हाई. उद्या पुसेगावला बहिणीकडं जाते, असं सांगितलं यांना. हसू नका, काकू. दिवाळीत आमच्या प्रतीक्षाला पाहायला पाहुणे आले, तुमी होतातच. 'मुलीची आई किती शिकली?' माझी मान खाली, अन् हे म्हणतात, 'बारावी!' कसं ठासून म्हणाले! सोयरीक जमली हो, पण जूनमध्ये लग्नात विहीणबाईंसमोर ते खोटं नेसून उभं राहायचं न्हाई मला. मेमध्ये निकाल लागतो —

यांना सांगू नका, बरं का... न्हाई, थांबा. पुसेगावचं सांगितलं, तेही खोटंच की! घरावरूनच जाताय ना? हे ओट्यावर बसले असतील. म्हणावं, उद्या अकराला पेपर आहे, मोटरसायकल काढून ठेवा. अन् ढाब्यांवर सांगायचं तर खुशाल सांगा म्हणावं. पीठ मी संध्याकाळी आणून देते. उठा काकू, उठा, तुमी बसलात की मी बोलतच राहते — अजून एक पान बाकी आहे माझं.