उशीर झाला म्हणून हळू गेलेला कासार

टाळ खाली ठेवा मंडळी, मृदंगबुवा, तुम्हीही हात विसावा. आता मला एक सांगा. घाई कुणाला असते? — उशीर झालेल्याला! आणि उशीर झालेला माणूस काय करतो? — पळतो! ते बघा, मागच्या खांबाशी पाटील हसले. हसणारच! आत्ता वीस मिनिटं उशिरा आले ते कसे आले, ते आपण सगळ्यांनी ऐकलं. मोटरसायकलचा धुरळा अजून खाली बसायचाय!

तर माझा प्रश्न असा — पळणारा पोचतो का? आणि पोचायचंच असेल, तर माणसानं काय बरोबर न्यावं नि काय वाटेत ठेवावं? उत्तर मी देणार नाही. उत्तर एका कासारानं दिलंय, तेही अर्ध्या लिटर पेट्रोलात! ऐका.

मल्हारी त्याचं नाव. पठारावरच्या गावांत बांगड्या भरणारा. बाप डोक्यावर पेटारा घेऊन हिंडायचा, मल्हारीनं मोटरसायकल घेतली. पण गाडी कशी? — दोन्ही अंगांना दोन लाकडी पेट्या, मागं चार खोकी, टाकीवर गाठोडं! समोरून आली तर वाटावं, दुकानच चालत येतंय आणि मधे कुणीतरी मिशा लावल्यात!

या मल्हारीनं एकदा शब्द दिला होता. पांगरधऱ्याची गोदाबाई आजारानं अंथरुणाला खिळली, तेव्हा तिनं त्याला बोलावून घेतलं. उशाशी सात वर्षांची पोर, वैजयंता. गोदाबाई म्हणाली, "मल्हारीदादा, माझ्या लेकीचा हिरवा चुडा तूच भर. मी तर नसणार. माझ्या हातातला तुझा चुडा कधी अवेळी वाढला नाही."

मायबाप, आपल्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ती बाई मरणाच्या दारात होती, तरी वाईट शब्द तोंडातून काढला नाही! मल्हारीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "भरीन ताई. कुठंबी असलो तरी येईन."

चौदा वर्षं गेली, वैजयंताचं लग्न ठरलं. हळद साडेबाराची. आणि चुडा भरल्याशिवाय नवरी हळदीला बसत नाही. मल्हारी आदल्या दिवशी तालुक्याला माल भरायला गेलेला. सकाळी आठला पंपावर उभा राहिला, तर पाटी — पेट्रोल संपलंय! टँकर येतोय म्हणाले. नऊ वाजले. दहा वाजले. टँकर येतोच आहे! साडेदहाला मल्हारीनं टाकी हलवून बघितली. दीड लिटर असेल. पांगरधरा चौसष्ट किलोमीटर. आपली गाडी लिटरला साठ देते. मग काय, पोचलोच!

पंपाशेजारी बशीर मिस्त्रीचं गॅरेज. तो पाना पुसत म्हणाला, "मल्हारीशेठ, साठ कधी देते? मोकळी असली तर. चाळिसानं चालवली तर. ही वरात घेऊन पळवशील तर तीससुद्धा मुश्किल! पेट्या ठेव इथं."

"अरे, लगीन उरकून तसाच पुढं जत्रेला जायचंय. पेट्या ठेवून काय करू?"

"मग हळू जा. वेग दुप्पट केलास ना, तर वारा चौपट आडवा येतो. पेट्रोल रस्ता नाही खात, वारा खातो."

"उशीर झालाय मिस्त्री! उशीर झाल्यावर हळू जायला मी काय येडा हाय?"

आणि सुटला! काटा पंच्याहत्तरवर. घाटाची चढण — तरी अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळलेलाच! त्या दोन पेट्या वाऱ्यात अशा आडव्या, जणू दारच उघडं टाकून घर धावतंय. हँडल थरथरतंय, हात बधिर, आणि मागं खोक्यांत छनछन... छनछन... मंडळी, तो आवाज काय होता? एकेक बांगडी वाढत होती!

तिसाव्या किलोमीटरला गाडीनं आचका दिला. एक... दोन... आणि बंद. मल्हारीनं पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला, राखीव साठ्यावर फिरवला आणि तसाच खाली बसला. एक लिटर तीस किलोमीटरात संपलं होतं. राहिलं अर्धा लिटर, आणि वाट उरली चौतीस किलोमीटर. या चालीनं पंधराच व्हायचे. अकरा वाजलेले. उघडा माळ, ना घर ना झाड. त्याला रडू कोसळलं. म्हणाला, "ताई, मी चुकलो गं."

तिथं मेंढरं चरत होती. धनगराची एक म्हातारी काठी टेकत आली.

"का रं बाबा, गाडी मेली व्हय?"

"मेली न्हाई आजी. शेवटच्या घोटावर हाय."

म्हातारीनं गाडीभोवती एक फेरी मारली. पेट्या बघितल्या, खोकी बघितली. म्हणाली, "आणि एवढं वझं? आरं, गाभण मेंढी चढाला कुनी पळवतं का? वझं उतरीव. पाणी पाज. आणि तिच्या चालीनं जाऊ दे."

पाणी नाही पाजलं हो त्यानं गाडीला! पण बाकीचं त्याच्या काळजाला भिडलं. बशीरनं तेच सांगितलं होतं, तेव्हा कान बंद होते. उठला. एक पेटी सोडली, दुसरी सोडली. खोकी उतरवली, गाठोडं उतरवलं. जत्रेचा सगळा माल माळावर मांडला आणि हात जोडले, "आजी, कोणत्या हक्कानं सांगू तुला? ह्ये बघशील?"

"मेंढरं बघते, तसं ह्येबी बघीन. जा तू."

बरोबर काय नेलं? गाठोड्यातली हिरव्या चुड्याची पुरचुंडी, पोटाशी बांधून. बास!

आता ऐका मायबाप, इथं माझ्या अंगावर काटा येतो. घड्याळात सव्वाअकरा. तिकडं मांडवात पोर मोकळ्या हातांनी बसलेली. मन ओरडतंय, पळ, पळ! आणि हा माणूस काटा चाळिसावर धरून चाललाय! ट्रक पुढं गेला, जाऊ दिला. एसटी पुढं गेली, जाऊ दिली. हात कान पिळायला जायचा, हा परत मागं आणायचा. कधी नव्हे ते इंजिनचा सूर ऐकू यायला लागला, तंबोऱ्यासारखा, एकसारखा. वारा छातीवर आदळायचा थांबला, अंगावरून जाऊ लागला. हाच वारा! तासाभरापूर्वी वैरी होता, आता नुसता सोबत चालला होता.

दहा किलोमीटर झाले. गाडी चालू! वीस झाले. चालू! मल्हारीचं तोंड उघडंच राहिलं. अर्धा लिटर म्हणजे केवढं हो? देवापुढचा तांब्या भरला तर भरला! आणि त्या तांब्याभर तेलावर लोखंड चाललंय, माणूस चाललाय, चौदा वर्षांचा शब्द चाललाय! केवढी ताकद ठेवलीय देवानं एकेका थेंबात, आणि आपण ती उधळतो वाऱ्याशी भांडण्यात! तो गाडीच्या टाकीवर हात फिरवून म्हणाला, "माझे बाई, मी तुला कधी ओळखलंच नाही गं."

पांगरधऱ्याच्या खिंडीत गाडी चढली, आणि माथ्यावर, बरोबर माथ्यावर, इंजिन बंद पडलं! थेंब नाही राहिला. पण पुढं काय होतं? गावापर्यंत चार किलोमीटर उतार! गाडी आवाज न करता निघाली, वेशीतून आत आली, मारुतीला वळसा घातला आणि मांडवाच्या दारात येऊन थांबली. बारा वाजून पाच मिनिटं.

आत वैजयंताची आत्या कावलेली. "अगं, दुकानातल्या घालू. कासार येत नाही आता!"

वैजयंता म्हणत होती, "आईनं सांगितलंय. मामा येईल."

तिनं मान वर केली, तर दारात मल्हारी! गाडीचा आवाज कुणीच ऐकला नव्हता.

"मामा, चालत आलास?"

"नाही गं लेकी. तुझ्या आईनं आणलं."

त्यानं पुरचुंडी सोडली. एकही बांगडी वाढली नव्हती. पाटासमोर बसला, तिचा हात हातात घेतला. मघाचे ते बधिर हात आता दगडासारखे स्थिर! एकेक बांगडी चढली, दोन्ही हात हिरवे झाले. मल्हारी त्या हातांकडं बघत राहिला. गोदाबाईचेच हात होते ते.

दुसऱ्या दिवशी तो माळावर गेला. सगळ्या पेट्यांवर घोंगडी पांघरलेली, आणि म्हातारी शेजारी काठी घेऊन बसलेली!

मंडळी, गाडीला रिझर्व्ह आहे. आपल्याला आहे का? टाकीत किती उरलंय, कुणाला दिसतं? आणि आपण पेट्या बांधतोय! याचा राग एका अंगाला, त्याच्याशी चढाओढ दुसऱ्या अंगाला, मागं चार खोकी मानपान, आणि पळतोय, पळतोय! कुठंतरी कुणीतरी मोकळ्या हातांनी आपली वाट बघत बसलंय. म्हातारे आईबाप असतील, रुसलेला भाऊ असेल. त्यांना तुमची जत्रा नको, पोटाशी बांधलेली तेवढी पुरचुंडी हवीय. काय उतरवायचं ते आज उतरवा, इथंच, या मांडवात!

आणि पाटील, मी आज वेशीत उभा राहणार आहे. घरी जाताना काटा चाळिसाच्या खाली दिसला पाहिजे!

घ्या टाळ हातात. नाम घ्या त्याचं, पण सावकाश घ्या.