तंबोरा धरणारा मेहुणा

तुम्ही हसाल, पण मला अजून राग आवरत नाही. नव्वदनंतरची गोष्ट, जो तो परदेशाच्या गप्पा मारायचा. माझी थोरली बहीण सुधाताई हैदराबादेत चिक्कडपल्लीला गाणं शिकवायची आणि मी तिच्या साथीला तबला वाजवायचो. परदेशातल्या गायकांबरोबर तीन महिने काम करायला एक सरकारी अनुदान निघालं होतं. आम्ही दोघांनी अर्ज केला. ताईने त्यासाठी वर्षभर खपून नव्या बंदिशी बांधल्या होत्या.

मंजुरी आली, पण माझं नाव उडालेलं. माझ्या जागी तंबोऱ्याच्या साथीला कुणी रमेश. साथीदाराला भेटू तरी, म्हणून ताई तंबोरा घेऊनच ऑफिसात गेली. केबिनमध्ये अनुदान मंजूर करणाऱ्या साहेबांशेजारीच रमेश बसला होता. साहेबांचा मेहुणा!

ताईने तंबोरा त्याच्या हातात दिला. "जरा जुळवून दाखवता?"

त्याने तो सगळीकडून फिरवून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, इसका बटन किधर है?"

साहेब हसले. "परेशान नका होऊ हो. नुसतं धरून बसायचं आहे. वहाँ किसको समझता?"

"मला समजतं," ताई म्हणाली आणि मंजुरीचं पत्र तिथेच टराटरा फाडलं. त्याच्या हातातून तंबोरा काढून घेऊन ती जिना उतरली.

ताई पुढे कधीच परदेशी गेली नाही. मेहुणा मात्र त्याच वर्षी एका नृत्यपथकात कलाकार म्हणून गेला. परत आलाच नाही, आता तिकडेच पेट्रोल पंप चालवतो म्हणे.