रणभूमीवरचा दहीभात

सौदीत हुफूफला माझ्यासोबत एक इंग्रज इंजिनियर आहे, पीटर. तिकडे इंग्लंडात त्याची आई मध्ययुगातल्या एका रणभूमीला लागूनच राहते. धुकं पडलं की फाटकावरून सैनिक चालत गेल्याचा आवाज येतो, असं तो एकदा आमच्याकडे जेवताना म्हणाला.

माझी बायको कोकणातली. ती शांतपणे म्हणाली, "उपाशी मेले असतील बिचारे. फाटकाबाहेर दहीभात ठेव."

पठ्ठ्याने सुट्टीत जाऊन खरंच ठेवला. परत आल्यावर मी विचारलं, "थांबला का आवाज?"

"फाटकाशीच थांबतो आता. आधी निदान पुढे तरी जायचा. आई विचारतेय, भात रोज करायचा का?"

घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आपली भुतं एकदा जेवून जातात. त्यांच्याकडची किती जेवतात, मला काय माहीत?"