पांढरं बंद

शरणम्मा : दोन हजार तेवीसच्या दिवाळीत माजी सून बाळंत झाली की, डॉक्टरबाई. म्हायेरी, दुधनीला. सव्वा महिन्यानं सोलापूरला आणली, तवाच हिच्या डोस्क्यात कोंडा हुता. मग भुवया, मग नाकाच्या कडंला. आन् आता बगा, नातीच्या टाळूवर सुदिक खपल्या. आईचंच लागलं न्हवं लेकराला?

डॉक्टर : बाळाला इकडे आणा बघू. अगं बाई, किती गोड! टाळू रोज भरता वाटतं?

शरणम्मा : रोज. वाटीभर तेल जिरवते. माजी चार पोरं अशीच वाढली.

डॉक्टर : आणि आई कुठाय हिची?

शरणम्मा : त्या बाकड्यावर. मीच म्हनलं, लांब बस.

डॉक्टर : शिवलीला, इथे ये. जीभ दाखव. ओठांचे कोपरे कधीपासून फाटलेत?

शिवलीला : महिना झाला असेल. तिखट लागलं की झोंबतं.

डॉक्टर : जेवणात काय असतं?

शिवलीला : असतं की सगळं. मलाच भूक नसते.

शरणम्मा : पथ्य हाय तिला. पांढरं बंद. दूध, दही, ताक, भात, खोबरं. पांढरं खाल्लं की डोस्क्यात पांढरं सुटतंय. भुईमुगाच्या शेंगा पित्ताच्या, डाळी वातूळ, म्हनून त्यापन बंद.

डॉक्टर : मग राहिलं काय?

शरणम्मा : ज्वारीची भाकरी आन् आमटीचं वरचं पानी.

डॉक्टर : ज्वारी कुठल्या रंगाची असते, आजी?

शरणम्मा : ती भाकरी हाय की! भाकरी कुटं पांढऱ्यात धरत्यात?

डॉक्टर : बरं. बाळ अंगावर पितं ना?

शिवलीला : हो. पदर डोक्याला घट्ट बांधून पाजते. पिऊन झालं की ह्या आत्या घेऊन जातात.

डॉक्टर : रात्री?

शिवलीला : रात्री आत्यांजवळच असते. रडली की आणून देतात. मला भिंतीपलीकडून ऐकू येतं, मग झोप लागत नाही.

शरणम्मा : लागू नये म्हनून केलं, बाई. वैर न्हाय माजं.

डॉक्टर : वैर कोण म्हणतंय? पण नीट ऐका. हे कुणाचं कुणाला लागत नाही. बाळाच्या डोक्यावरची ही खपली पुष्कळ लेकरांना येते आणि काही महिन्यांत आपली आपण जाते. तेल थोडंच लावा, खपली मऊ झाली की हलक्या हातानं विंचरा आणि धुऊन टाका. मुरवत ठेवू नका.

शरणम्मा : आन् हिचं?

डॉक्टर : तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच कातडीवर एक बुरशी असते. ती कातडीच्या तेलावर जगते. कुणाकुणाची कातडी तिच्यावर चिडते, एवढंच. झोप नसली, मनाला घोर असला, थंडी पडली की जास्त. औषधी शाम्पू देते, आटोक्यात राहील.

शरणम्मा : म्हंजी खान्यानं झालंच न्हाय?

डॉक्टर : नाही. उलट काही जीवनसत्त्वं, जस्त, असं अंगात फारच कमी पडलं तर असंच पुरळ उठू शकतं. म्हणून रक्त तपासून घेऊ. पण हे फाटलेले ओठ, ही लाल जीभ, हा फिकट चेहरा... आजी, मला तरी हे उपासमारीचं दिसतंय.

शरणम्मा : उपासमार? माज्या घरात? पोत्यानं ज्वारी पडलीय घरात!

शिवलीला : डॉक्टर, मीच कमी खात होते. आत्यांनी कधी हात धरला नाही.

शरणम्मा : खोटं नगं बोलू, पोरी. सणाला खीर केली, तू पातेल्याकडं बगितलंस आन् मी झाकन ठेवलं. माजं पोरगं समोर बसून दोन वाट्या प्यालं.

शिवलीला : जाऊ दे आता, आत्या.

शरणम्मा : कसं जाऊ दे? मला कोंडा दिसला, तुजं तोंड दिसलं न्हाय.

डॉक्टर : आजी, बाळाला तिच्याकडे द्या आधी.

शरणम्मा : घे गं. घे. पदर सोड डोस्क्याचा.

(दीड वर्षानं, तोच दवाखाना. शरणम्मा भेगाळलेल्या टाचा दाखवायला एकटीच आली आहे.)

डॉक्टर : मलम रात्री लावा. नात कशी आहे?

शरणम्मा : खपल्या तवाच गेल्या, उन्हाळ्याच्या आत. आता केसं अशी दाट, फणी मोडंल. माजं नाक वडती, पळत सुटती.

डॉक्टर : आणि शिवलीला?

शरणम्मा : तब्येत भरली. थंडीत कोंडा येतो थोडा, तुमचा शाम्पू लावती. शाळेत शिकवायला जाती. घरात दूध, दही, शेंगाची चटणी, समदं तिच्या ताटात आदी.

डॉक्टर : मुलगा काय म्हणतो?

शरणम्मा : त्याचं दुकान चाललंय टेंभुर्णीला. तवा गप हुता, आताबी गपच हाय.

डॉक्टर : चला, म्हणजे सगळं ठीक झालं की.

शरणम्मा : झालं की. एका शब्दानं बोलली न्हाय मला कदी. बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर : का हो?

शरणम्मा : लेकरू रडलं, की उचलायच्या आदी अजून माज्या तोंडाकडं बगती.